केरातला आवाज

"थांब, थांब... घाई कुणाला आहे?"

हे माझे बाबा. मी नऊ वर्षांची, त्यांच्या मांडीवर अर्धवट झोपलेली, आणि ते भर मैफलीत, पहिल्या रांगेतून, गाणाऱ्या बाईंना असं म्हणाले. बाईंनी एक सूर अलगद धरला होता... झोपलेलं बाळ एका हातावरून दुसऱ्या हातावर घ्यावं, तसा. तो त्या सोडणार, एवढ्यात बाबांच्या तोंडून निघून गेलं. सभागृह हसलं. बाईही हसल्या, गाता गाता हसल्या, आणि तो सूर त्यांनी आणखी थोडा धरून ठेवला. आईनं मात्र घर येईपर्यंत अबोला धरला.

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. फोटो पुष्कळ आहेत, आवाज कुठेच नाही. ते वाक्य मला पाठ आहे, पण आवाज विरत चाललेला. फूल हातात, वास उडालेला. एवढंच आठवत होतं, की त्या दिवशी स्टेजच्या कडेला कुणीतरी टेप लावून बसलं होतं.

म्हणून मी चष्मेवाल्या काकांच्या दुकानावरच्या खोलीकडे निघाले. दर शनिवारी दुपारी तिथे पाच-सहा कानवेडी माणसं जमून जुनी ध्वनिमुद्रणं ऐकतात, असं कळलं होतं. जिना अरुंद. मधल्या पायरीवर एक तरुण अडकलेला, छातीशी जुन्या फिती वाजवायचं भलंमोठं स्पूलचं मशीन.

"खालची बाजू धरता का जरा?"

"ओळख ना पाळख, आणि एकदम ओझं?"

"ओळख वर गेल्यावर करून घेऊ. आत्ता हे माझ्या पायावर पडेल."

मी धरलं. मशीनच्या वरून त्याचे फक्त कान दिसत होते. लाल झालेले.

वर गेल्यावर कळलं, की तिथे त्याला सगळे 'केरसुणी' म्हणतात. पोटासाठी तो कवळ्या घडवायचा, आणि जिवासाठी जुनी ध्वनिमुद्रणं झाडायचा. खरखर, खोकले, खुर्च्यांची कुरकुर... सगळं काढून गाणं लख्ख करायचा.

"तू काय करतेस गं?" निवृत्त हेडबाईंनी मला विचारलं.

"कानाच्या दवाखान्यात असते. लोकांना ऐकू येतं का ते तपासते."

"बरं झालं आलीस. आधी या केरसुणीचे कान तपास. गाण्यात कुणी खोकलं, की याला ताप येतो!"

खोलीचा एक नियम होता. गाणं संपलं, की दोन मिनिटं कुणी बोलायचं नाही. मग प्रत्येकानं पाळीपाळीनं, काय जाणवलं ते सांगायचं. 'छान' म्हणायला मात्र बंदी. जो 'छान' म्हणेल, त्यानं सगळ्यांचे कप विसळायचे.

त्या दिवशी तो म्हणाला, "या आवाजाला आतून मऊ अस्तर आहे." मी म्हणाले, "मला तर तापलेल्या कपाळावर कुणी हात ठेवल्यासारखं वाटलं." त्यानं वर पाहिलं. मी खाली पाहिलं. हेडबाईंनी दोघांकडे पाहिलं.

मग शनिवार येत गेले. परतताना आम्ही बसथांब्यापर्यंत बरोबर चालायचो. एकदा भुरभुर लागली, तर त्यानं छत्री उघडली आणि मशीनवर धरली.

"मी भिजतेय," मी म्हणाले.

"तुम्ही वाळाल. हे वाळत नाही."

"दात घडवणाऱ्या माणसाला बोलायचे मात्र वांधे!"

तो हसला... आणि छत्री थोडी माझ्याकडे कलली. थोडीशीच. पण त्या रात्री मी त्या वीतभर कललेल्या छत्रीखालीच झोपले म्हणा ना.

"तुम्ही गाणं फार झाडता," एकदा मी त्याला म्हणाले. "आमच्याकडे पहिल्यांदा कानाला यंत्र लावलं, की माणसं कशानं रडतात माहितेय? कागद चुरगळल्याच्या आवाजानं. स्वतःच्या चपलांच्या आवाजानं."

"मग त्यांना माझा केर पाठवून देतो. काढलेलं सगळं एका फाइलीत पडत असतं. ना नाव, ना तारीख. कॉम्प्युटर भरला की मधूनमधून ओतून टाकतो."

मी इथे का येते, हे मी त्याला सांगितलं नव्हतं. सांगावं असं रोज वाटायचं. पण शोधणं संपलं तर शनिवारही संपतील, असं एक वेडं भय मनात येऊन बसलं होतं.

एका शनिवारी तो लगबगीनं आला. "आज एक चीज आहे. फीत इतकी जीर्ण होती, की एकदाच चालली आणि भुगा झाली. पण उतरवून घेतली. महिनाभर झाडलीय!"

बाईंचा पहिला सूर लागला, आणि मी तो ओळखला. तीच मैफल! मी खुर्चीची कड धरली. आलाप पुढे सरकला... तो सूर आला... बाईंनी अलगद उचलला...

आणि काहीच नाही. नुकती पुसलेली फरशी असावी तशी शांतता. त्या शांततेत बाई उगाचच हसल्या, उगाचच सूर लांबवला. कुणासाठी, ते आता कुणालाच कळणार नव्हतं.

दोन मिनिटं झाली. काका म्हणाले, "बोल बाई, तुझी पाळी."

"छान," मी म्हणाले.

खोलीत एकच हशा. मी कप गोळा करून मोरीशी गेले आणि नळ मोठा सोडला. मागून तो आला, हातात फडकं.

"काय झालं?... माझं काही चुकलं?"

"तिथे एक माणूस बोलतो. बाईंनी सूर धरला, तिथे."

"हो, होता ना कुणीतरी आगाऊ! पुसता पुसता घाम फुटला मला."

"ते माझे बाबा होते."

त्याच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. मी सगळं सांगितलं, नळाच्या आवाजात जमेल तसं. पांढराफटक होऊन तो म्हणाला, "मधे एकदा फाइल ओतलीय मी. त्याच्या आधी की नंतर... मला खरंच आठवत नाही."

"राहू द्या," मी म्हणाले. "झाडून टाकलेलं कुणी वेचत बसतं का?"

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. काका म्हणाले, "त्याच्या कवळीवाल्या मालकांचा फोन होता. पोराचं कामात लक्ष नाही, वरची कवळी खालच्या डबीत घालतो." सगळे हसले. मला हसू येईना. बाबांचा आवाज गेला तो गेला. पण त्या पायऱ्यांवरचं धापा टाकणंही गेलं, आणि ते मी माझ्या तोंडानं घालवलं होतं.

चौथ्या शनिवारी तो आला. मशीन नाही, हातात फक्त एक चिमुकली डबी, आत पेन ड्राइव्ह. डोळे तांबारलेले.

"आज गाणं नाही," तो म्हणाला. "केर आहे. तीनशे तासांतून वेचलेला."

काकांच्या लॅपटॉपवर लावलं. खोकला. खुर्ची. कुणाच्या तरी बांगड्या. एक लहान मूल कुरकुरलं, कोण जाणे, मीच असेन... आणि मग, अगदी जवळून, किंचित घोगरा, लाडात आलेला—

"थांब, थांब... घाई कुणाला आहे?"

दोन मिनिटं झाली, तीन झाली, तरी कुणी बोलेना. हेडबाईंनी चष्मा काढून पदरानं पुसला.

"हे माझे बाबा," मी म्हणाले. "मी इथे यांनाच शोधायला आले होते."

मग त्याची पाळी. "मला वाटायचं, गाणारा एकटाच गातो," तो म्हणाला. "ऐकणारा पुसला, तर गाणंही अर्धं पुसलं जातं. यापुढे मी कुणालाच पुसणार नाही."

"म्हणजे तुझं नाव बदलायला हवं रे," हेडबाई नाक ओढत म्हणाल्या.

त्यानं ती डबी माझ्या तळहातावर ठेवली. बोटं क्षणभर रेंगाळली, मागे झाली. "तुमचं काम झालं," तो म्हणाला. "आता शनिवार तुम्हाला मोकळे." आणि तो जिना उतरू लागला.

मी डबी मुठीत धरून उभी. ज्या आवाजासाठी आले, तो हातात होता. मग छातीत हे रिकामं काय वाजतंय?

तो मधल्या पायरीशी पोचला होता. आमच्याच.

"थांब!"

तो वळला. मी त्याला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं, आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले होते, या वेळी ओझं नसताना. वर दाराशी खुर्च्या सरकल्या. सगळी खोली कान देऊन होती. असू दे.

"पहिले दोन शनिवार मी बाबांसाठी आले," मी एकेक पायरी उतरत म्हणाले. "पुढचे सगळे तुझ्यासाठी. हा आवाज सापडला नसता, तरी येत राहिले असते... तू मला फार आवडतोस रे. हेच सांगायचं राहिलं होतं."