दुसरी चावी

ही गोष्ट कुणाकडून ऐकलेली नाही. माझ्याच घरासमोर, माझ्याच लेकीसोबत घडली आहे. पटली नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही. मला स्वतःलाच ती अजून नीट पटवून घेता आलेली नाही.

आणि रात्र नव्हती.

मागच्या वर्षीची १४ मे. दुपारचे अडीच. अकोला.

ज्यांनी अकोल्याचा मे काढला आहे त्यांना सांगायला नको. बारानंतर आमच्या कॉलनीत कुत्रंसुद्धा फिरत नाही. घराघरातून कूलरचा आवाज येतो, तेवढाच.

पण सुरुवात महिनाभर आधी झाली, अमरावतीला.

माझे मिस्टर विपुल बाळापूरला नोकरीला आहेत. कॉलेजपासून त्यांना एकच वेड, दोन दारांची स्पोर्ट्स कार. एक दिवस मोबाईलवर जाहिरात दिसली. जर्मन गाडी, लाल, अकरा वर्षं जुनी. किंमत आपल्याकडच्या एखाद्या साध्या जुन्या गाडीइतकी.

"एवढी स्वस्त कावून?" मी विचारलं.

"लय भानगडीची गाडी हाय. सगळं कॉम्प्युटरवर. इकडं कोनाले दुरुस्त करता येत नाही."

"मग तुम्हाला येते?"

"शिकीन न."

रविवारी आम्ही तिघं अमरावतीला गेलो. आर्वी तेव्हा साडेतीन वर्षांची होती. गाडीचे मालक उत्तमराव, साठीच्या पुढचे, शांत गृहस्थ. गाडी त्यांच्या मुलाची होती. ते आणि विपुल बाहेर पोर्चमध्ये गेले. मी आर्वीला घेऊन आत बसले.

स्वयंपाकघराच्या दारात एक बाई उभ्या होत्या. ठेंगण्या, हिरवं लुगडं. पदराचं टोक मुठीत घट्ट धरलेलं.

"तुमी नेता गाडी?" त्यांनी विचारलं.

"हो काकू."

त्या नुसत्या बाहेर, गाडीकडे बघत राहिल्या. मला कसंतरीच वाटलं. म्हणून आपण म्हणतो तसं मी म्हणून गेले,

"वाईट नका वाटून घेऊ काकू. गाडी आपलीच आहे. मन झालं की या घरी."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं... आणि मान हलवली.

चहा उत्तमरावांनीच करून आणला. मला कौतुक वाटलं. तीनच कप होते, काकूंसाठी नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

निघताना आर्वीनं हात हलवला. "आजी, जातो."

"जातो नाही म्हणायचं बाळा," मी म्हणाले. "येतो म्हणायचं."

उत्तमरावांनी मागे वळून पाहिलं. मला वाटलं, ते आर्वीकडेच बघताहेत. गाडीत बसताना ते विपुलला म्हणाले, "चावी एकच हाय बरं. दुसरी... नाही आता."

इथे एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. ही गाडी चावी फिरवून उघडत नाही. चावी खिशात ठेवून जवळ गेलं की ती ओळखते. टुक-टुक वाजतं, कुलूप उघडतं, दोन्ही बाजूंचे मिटलेले आरसे बाहेर येतात. आणि पुढची सीट त्या चावीवाल्याच्या मापानं आपोआप सरकते. चावी लांब गेली की पुन्हा कुलूप. आरसे परत मिटतात.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी आर्वीला निजवत होते.

टुक-टुक.

खिडकीतून पाहिलं. आरसे हळूहळू उघडत होते... कुणाची चाहूल लागल्यावर जनावर कान टवकारतं ना, तसे.

पोर्चमध्ये कुणीच नव्हतं. फाटक बंद. चावी विपुलच्या खिशात, आणि विपुल बाळापूरला.

वीसेक मिनिटांनी आरसे मिटले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. अडीच वाजता. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

"बॅटरी असन," विपुल म्हणाले. संध्याकाळी ते गाडीत बसायला गेले तर गुडघे स्टिअरिंगवर आपटले. सीट पार पुढे आलेली होती. "तू बसली होती काय?"

"चावी तुमच्या खिशात. मी कुठून बसू?"

शेवटी ललित नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. लॅपटॉप जोडून तो गाडीत बसला आणि बडबड सुरू केली. "वहिनी, हे गाडी नाही, सासू हाय. कायचा राग आला थे सांगतच नाही, नुसती फुगून बसते."

मी हसले. मग तो बोलायचा थांबला.

स्क्रीनवरची यादी वर-खाली करत राहिला.

"चाव्या किती हायेत तुमच्यापाशी?"

"एकच."

"मंग दोन नंबरची चावी रोज अडीचले कोन आनते? हे पाहा, तारखेवार लिहून राहिली गाडी. अन् चावी तीन फुटाच्या आत आल्याबिगर हे लिहितच नाही." त्यानं सीटकडे पाहिलं. "ठेंगणी बाई असन कोनी."

त्यानं लॅपटॉप मिटला. चहाही घेतला नाही.

१३ मेला मी उत्तमरावांना फोन केला. रागातच होते. "काका, दुसरी चावी काकूंकडे आहे का? त्या आमच्याकडे येतात का दुपारच्या?"

"कोनती काकू?"

"तुमच्या घरी होत्या त्या. हिरव्या लुगड्यातल्या."



"जमुनाले जाऊन दोन वर्सं झाली पोरी."

मग ते सांगत गेले. मुलगा मनोज कॅनडाला गेला, तो दुपारी अडीचला निघाला. आईला म्हणाला, येतो. गाडी ठेवून गेला. तो तिकडचाच झाला. जमुनाकाकू रोज अडीचला गाडीत जाऊन बसायच्या. दुसरी चावी त्यांच्या पदराच्या गाठीत.

"मे मईन्यात एक डाव बसली, थे उठलीच नाही. काचा बंद होत्या. गाठीतली चावी तशीच गेली तिच्यासंगं, कोनाच्या ध्यानात नाही आलं. राख सावडतानी भेटली. इतकुसा काळा गोळा. कौंडण्यपूरले पाण्यात सोडला म्या."

मला आठवलं, मी काय म्हणाले होते.

*गाडी आपलीच आहे. मन झालं की या.*

त्या रात्री मी विपुलना स्पष्ट सांगितलं, गाडी काढा. ते म्हणाले, रविवारी काढू.

दुसऱ्या दिवशी मी दाराची वरची कडी लावली. आर्वीचा हात तिथे पोचत नाही. तिला कुशीत घेऊन पडले. दोन वेळा तिचा श्वास तपासला, मी तपासतेच.

डोळा कधी लागला कळलं नाही.

जाग आली तेव्हा कूस रिकामी होती.

हॉलमध्ये नाही. स्वयंपाकघरात नाही. बाथरूममध्ये नाही.

दाराची वरची कडी... उघडी होती.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं.

मी अनवाणी पोर्चमध्ये धावले. फरशीनं पाय भाजले. फाटक बंद होतं. मग आरशांकडे लक्ष गेलं. दोन्ही उघडे.

काचेवर हात टेकला तर तळव्याला चटका बसला. इंजिन बंद. काचा वर. दार ओढलं, आतून कुलूप.

आर्वी आत होती.

सीट पुढे सरकलेली. आर्वी स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती, पण सीटला टेकून नव्हे. तिच्या पाठीमागे जागा होती... एका माणसाएवढी. आणि ती सीटपासून थोडी वर होती. कुणाच्या मांडीवर बसल्यासारखी.

बंद गाडीत तिच्या कपाळावरचे केस उडत होते.

मी काच बडवली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. घरात जाऊन वरवंटा आणला. उचलला. पण दुसरी बाजू भिंतीलगत होती आणि ही काच तिच्याच बाजूची, माझा हात चालेना.

वरवंटा खाली टाकला आणि म्हणाले, "काकू, लेकरू द्या माझं."

आर्वीचे केस उडतच होते.

"काकू, मीच बोलावलं होतं तुम्हाला. चुकलं माझं. आता नका येऊ. जा."

दारी आलेल्या माणसाला मी आयुष्यात कधी 'जा' म्हटलेलं नव्हतं.

आर्वीचे केस उडायचे थांबले.

टुक-टुक.

मी दार ओढलं. आतून भट्टीसारखी वाफ तोंडावर आली. आणि आर्वीचे हात... माठाला हात लावावा तसे गार होते. अंगावर घामाचा थेंब नव्हता.

"आजी वारा घालत होती," ती म्हणाली. "पदरानं."

चाळीस मिनिटं. त्या उन्हात, बंद गाडीत. डॉक्टरांनी तपासलं, काहीच निघालं नाही. मी त्यांना पाच मिनिटं सांगितली होती. खरं सांगितलं असतं तर त्यांनी मलाच तपासलं असतं.

तिला गाडीत कुणी नेलं? आणि सांभाळलं कुणी? दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच असेल, हा विचार मी फार वेळ करू शकत नाही.

विपुलनी रविवारची वाट पाहिली नाही. गाडी दुसऱ्याच दिवशी नागपूरच्या एका डीलरकडे गेली. मिळाले तेवढे घेतले. पोर्चमध्ये आता तुळस आहे, आर्वीची सायकल आहे. दुपारी अडीचला मी जागी असते. अजून काही ऐकलेलं नाही.

एक गोष्ट मात्र मी वर्षभर आर्वीला विचारली नव्हती. मागच्या आठवड्यात तिची वेणी घालताना विचारली.

"आर्वी, त्या गाडीतली आजी... जाताना काही म्हणाली का गं?"

"हो."

"काय म्हणाली?"

"येतो म्हणे."

निघताना सगळेच तसं म्हणतात. मीच शिकवलं आहे तिला. ती फक्त बोलायची रीत असते.

माझीसुद्धा रीतच होती.