मालक येईपर्यंत

विज्ञानात उभी हयात घालवलेल्या माणसाने असलं बोलू नये, हे कळतं मला. हसा हवं तर. पण हे माझ्यासमोर घडलंय... आणि तेही भर दुपारी.

साल बहात्तर. दुष्काळातला हिवाळा. पाथर्डी तालुक्यातलं डोंगराकडचं एक गाव.

मी मूळचा नगरचा. मुंबईत नुकताच संशोधनाला लागलो होतो. ताऱ्यांकडून येणारे क्ष-किरण मोजायला आम्ही हैदराबादहून मोठा फुगा सोडला होता. त्याची यंत्रांची पेटी हवाई छत्रीने इकडे उतरली. तिच्यात माझं सगळं काम होतं. सर म्हणाले होते, पेटी फुटली असेल तर नगरला जाऊन शाळामास्तर हो.

पेटीवर मराठीत सूचना चिकटवली होती. मालक येईपर्यंत राखून ठेवा.

गावात शिरलो. दारांना कुलपं. माणसं ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेलेली.

कुत्रंसुद्धा भुंकलं नाही...

आवाज एकच. माझ्या हातातल्या, किरण मोजणाऱ्या काउंटरची टकटक. आकाशातून किरण सतत येत असतात, त्यामुळे तो जगात कुठेही गप्प बसत नाही.

गावाबाहेर लिंबाखाली पेटी होती. शाबूत. वर हळदकुंकू वाहिलेलं.

शेजारी एक म्हातारी बसली होती. छत्रीचं पांढरं कापड अंगाभोवती गुंडाळून.

"तुमची हाय का पेटी?"

मी हो म्हणालो आणि घाईघाईने पेटी तपासू लागलो.

"लई वाट बघितली. आता मी उठू का?"

आनंदात माझं लक्षच नव्हतं. मग जाणवलं...

काउंटरची टकटक थांबली होती.

मान वर केली. लिंबाखाली कुणीच नव्हतं.

टक... टकटक...

तेवढ्यात गावचा कोतवाल भिमाजी पेटी न्यायला बैलगाडी घेऊन आला. मी म्हातारीबद्दल विचारलं.

"चांगुणाबाई व्हय? मालक येईस्तवर राखा, असं कुनी तरी वाचून दावलं तिला. थंडीत रातंदिस हितंच बसली. परवा गेली."

"आणि छत्री?"

"तिची पोरं तिकडं तोडीला. नवं कापड कुठनं आनायचं? त्यातच गुंडाळून जाळली."

त्या पेटीवर मला डॉक्टरेट मिळाली.

तो जुना काउंटर अजून माझ्या टेबलावर आहे. कधीकधी तो मध्येच गप्प होतो.

"आलोय मी. उठा आता, आजी," मी म्हणतो.

टकटक लगेच सुरू होत नाही...