बारा मिनिटं जुनं चित्र

वैमानिकाला हवामान सांगणं सोपं असतं. ते त्याला ऐकायला लावणं अवघड. त्याच्या मांडीवरच्या टॅबलेटवर रडारचं चित्र असतं आणि कोपऱ्यात 'आत्ताच मिळालं' असं लिहिलेलं असतं. चित्र मिळालेलं असतं आत्ता, पण त्यातला पाऊस बारा मिनिटांपूर्वीचा. डोंगरात बारा मिनिटं पुष्कळ झाली. म्हणून आमच्या हवामान कक्षातून प्रत्येकाला फोनवर सांगायचं, की चित्र जुनं आहे, आणि ते त्याच्या तोंडून वदवून घ्यायचं.

अकरा वर्षं मी ते वदवून घेत आले. बाबा सोडून सगळ्यांकडून.

बाबा टपालाचं चार आसनी विमान चालवायचे, आठवड्यातून तीनदा खिंडीपलीकडे. मी सांगितलेलं सगळं ते पाढे म्हटल्यासारखं, माझ्याच आवाजाची नक्कल करत म्हणून दाखवायचे. स्पीकरवर ऐकून अख्खा कक्ष हसायचा. पुढे पुढे मी त्यांना ते वदवणं माफ केलं.

त्या मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांचा फोन आला.

"बोला हवामानबाई, आज कसली भीती घालताय?"

"ढगाचा तळ आठशे फूट. खिंड मिटत चाललीय, बाबा."

"माझ्या पडद्यावर तर लख्ख उघडी आहे."

इथे मला एक वाक्य बोलायचं होतं. ते ओठांवर आलंही होतं.

"लहानपणी पंख्याला घाबरायचीस, आता ढगांना," ते म्हणाले. "बरी नोकरी मिळाली तुला."

"जा मग," मी म्हणाले आणि फोन आपटला.

विमान खिंडीच्या अलीकडच्या उतारावर सापडलं. त्यातलं घड्याळ दोन सदतीसला थांबलं होतं.

आईला मी सगळं सांगितलं. ती पलंगावर बसून त्यांच्या शर्टांच्या घड्या घालत होती.

"त्यांनी जन्मात कधी कुणाचं ऐकलंय?" ती म्हणाली.

"अगं, चित्र जुनं आहे हे मी सांगितलंच नाही त्यांना."

"चौकशीत हे बोलू नकोस."

"मग दोष बाबांवर जाईल."

"त्यांना आता काय लागतंय?" शर्टाचं वरचं बटण तिनं लावलं, काढलं, पुन्हा लावलं. "मला एक तरी माणूस राहू दे."

तरी मी बोलणार होते. बाबांचं काहीच उरलं नव्हतं, निदान नाव तरी उरावं.

महिन्याभरानं चौकशीला बोलावलं. खोली लहान होती. एक टेबल, दोन खुर्च्या, पाण्याच्या कूलरची घरघर, खिडकीतून सकाळचं ऊन. अधिकारी सभ्य होता. "मॅडम, तुमच्याकडून काही राहिलेलं नाही. त्या फोनचं रेकॉर्डिंग एकदा ऐका आणि सही करा," असं म्हणून त्यानं हेडफोन माझ्याकडे सरकवला.

बाबा म्हणाले, माझ्या पडद्यावर तर लख्ख उघडी आहे. आणि लगेच माझा आवाज आला, शांत, सरावातला. "बाबा, तुमचं चित्र बारा मिनिटं जुनं आहे."

मी हेडफोन काढला. "हे मी म्हणाले नव्हते."

"आवाज तुमचाच आहे ना?"

"आहे."

"धक्क्यात असं होतं, मॅडम. माझ्या मेव्हण्याला स्वतःचं लग्न आठवत नाही." तो हसला, मग ओशाळला. "सावकाश ऐका. पुन्हा लावतो."

या वेळी मी शेवटपर्यंत ऐकलं. 'जा मग' त्यात नव्हतं. बाबा सगळं म्हणून दाखवत होते. नक्कल न करता, स्वतःच्या आवाजात. मागे हँगरमधला नेहमीचा गोंगाट नव्हता. कुठेतरी पाणी ठिबकत होतं.

"ढगाचा तळ शून्य. खिंड बंद. चित्र बारा मिनिटं जुनं. तू सांगितलं होतंस."

मी आठशे सांगितला होता. शून्य हा आकडा ढगात असलेल्या माणसालाच कळतो.

यंत्रावरचे आकडे थांबले होते. रेकॉर्डिंग संपलं होतं. माझ्या कानात मात्र बाबांचा श्वास चालू होता.

वैमानिकानं म्हणून दाखवलं, की आम्ही 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणायचं असतं. तोवर तो खोळंबून राहतो.

अधिकारी खाली मान घालून पानं उलटत होता.

"चूक," मी पुटपुटले.

"ढगाचा तळ शून्य," बाबांनी पहिल्यापासून सुरुवात केली. "खिंड बंद. चित्र बारा मिनिटं जुनं. तू सांगितलं होतंस."

"चूक, बाबा."

पुन्हा तेच. न रागावता, एकही शब्द न बदलता. फक्त आता त्यांचे दात वाजत होते.

मी हेडफोन काढू शकले असते.

पाणी ठिबकत होतं. ते थांबून होते.

"बरोबर," मी म्हणाले.

पलीकडे त्यांनी फोन ठेवला.

मी हेडफोन टेबलावर ठेवला. अधिकाऱ्यानं संभाषणाचा टाइप केलेला कागद पुढे केला, त्यावर पेन ठेवलं.

"हा मागच्या सोमवारीच तयार झालाय," तो म्हणाला. "तुम्हाला फक्त एक विचारायचं राहिलं होतं, मॅडम. यात शेवटी 'बरोबर' म्हणायच्या आधी तुम्ही त्यांना दोनदा 'चूक' का म्हणालात?"