सहावं कारण

“खालून दुसरी ओळ वाचा.”

“दिसत नाही.”

“मग तिच्या वरची.”

“ती दिसते... पण आवडत नाही.”

मामाच्या चष्म्याच्या दुकानात तिला नऊ वर्षं झाली होती. डोळे तपासायला आलेली शेकडो माणसं तिने पाहिली होती. अक्षरांच्या तक्त्यावर मत देणारा हा पहिलाच.

“आवडायचं नाहीये, वाचायचंय,” ती म्हणाली. “काम काय करता?” हे सगळ्यांनाच विचारावं लागतं. जवळचा नंबर त्यावर ठरतो.

“दिवसा छापखान्यात मुद्रितं तपासतो. संध्याकाळी लोकांच्या कविता वाचतो.”

“मग डोकं दुखतं ते डोळ्यांमुळे नाही.”

तो मोठ्याने हसला. तपासणीची जड, गोल फ्रेम नाकावरून घसरली. ती सावरायला तिने हात पुढे केला आणि तिचं लक्ष त्याच्या मांडीवरच्या पिशवीकडे गेलं. पिशवीतून पाकिटांचा गठ्ठा डोकावत होता. सगळ्यात वरच्या पाकिटावर तिच्या घरचा पत्ता होता, तिच्याच अक्षरात. मासिकाला कथा पाठवताना तिने सोबत जोडलेलं परतीचं पाकीट.

पाचवी कथाही परत येतेय, हे तिला टपाल यायच्या दोन दिवस आधी कळलं. तिने फ्रेम सरळ केली, काच बदलली आणि शांतपणे विचारलं, “आता?”

“आता तुम्ही स्पष्ट दिसताय.”

“तक्ता तिकडे आहे.”

तो चालवत असलेलं मासिक म्हणावं तर मासिक नव्हतं; वर्षातून चार अंक निघत, तेही तळहाताएवढे. छापखान्यात मोठे कागद कापताना कडेच्या पट्ट्या उरत, त्यांवर ते छापलं जाई. त्यामुळे शंभर शब्दांची कथा किंवा बारा ओळींची कविता, याहून जास्त काही एका पानात मावत नसे. तिला ते बरोबर पुरायचं. एक गिऱ्हाईक गेलं आणि दुसरं यायचं आहे, एवढ्या वेळात शंभरच शब्द होतात.

नापसंत साहित्याबरोबर एक छापील चिठ्ठी यायची. तीवर सहा कारणं, प्रत्येकापुढे चौकोन, आणि लागू पडेल त्या चौकोनात खूण. तिने आतापर्यंत चार कारणं मिळवली होती : शब्द जास्त, शेवट आधीच कळतो, उपदेश आहे, उपमा उसनी आहे. दोन दिवसांनी पाचवंही आलं : ‘चांगली आहे, पण याहून चांगली लिहू शकाल.’ हे वाचून तिला सगळ्यात जास्त राग आला. कारण ते खरं होतं.

सहावं कारण उरलं होतं : ‘लेखक संपादकाच्या ओळखीचा आहे.’

आपलं पूर्ण नाव तिने छापलेलं असं एकदाच पाहिलं होतं, शाळेच्या निकालपत्रात, आणि त्याखाली गणिताचे गुण होते. आता ते एखाद्या गोष्टीखाली पाहायचं होतं. तळहाताएवढ्या पानावर का होईना.

चष्मा न्यायला तो आला तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, “ओळखीच्यांचं छापत नाही म्हणे तुम्ही?”

“तुम्हाला कसं माहीत?”

“काउंटरवर बसलं की सगळं कळतं.”

“पहिल्या तीन अंकांत सगळे मित्रच होते. चौथ्यात जागा पुरली नाही... तर मित्र उरले नाहीत. तेव्हापासून नियम केला. नऊ वर्षांत एकदाही ती खूण करावी लागली नाही.”

“मित्रच नाहीत म्हणून?”

“तुम्ही डोळे तपासता की माणसं?”

पुढच्या शनिवारी तो पुन्हा आला. उजव्या काडीचा स्क्रू सैल झाला होता. तिने तो आवळून दिला. त्याच्या पुढच्या शनिवारीही तोच स्क्रू. बाहेर पाऊस होता, भिजलेला चष्मा पुढे करून तो डोळे बारीक करून उभा राहिला आणि म्हणाला, “हा काढला की सगळं धूसर होतं. तुम्ही सोडून.”

“मी दीड हातावर आहे. तुमचा नंबर मला पाठ आहे. मीही धूसरच असणार.”

“अंदाजाने सांगितलं.”

“अंदाज चुकला.”

“मग जवळून बघायला हवं. समोर चहा बरा मिळतो...”

“नको.”

“चहा नको की मी?”

“ओळख नको,” ती म्हणाली आणि मऊ फडक्याने काच पुसू लागली. काच कधीच स्वच्छ झाली होती. “कारण आहे. विचारू नका.”

तो गेल्यावर मामाने हिशेबाच्या वहीवरून मान वर केली. “चिंगे, मी तीस वर्षं चष्मे विकतोय. इतका बिघडणारा स्क्रू आपल्या दुकानात नाही.”

दुकानात तिला सगळे चिंगीच म्हणत. कथांखाली ती जे नाव लिहायची, ते इथे कुणाच्या तोंडात नव्हतं. म्हणून तर हे सगळं चाललं होतं. त्याला लेखिका ठाऊक होती आणि चष्मेवाली ठाऊक होती. दोघी एकच आहेत, एवढंच ठाऊक नव्हतं.

पाचव्या शनिवारी तो गेल्यावर तिने दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात एक गोष्ट लिहिली. एकही शब्द खोडला नाही.

‘दर शनिवारी तो चष्मा घेऊन येतो. उजव्या काडीचा स्क्रू सैल. ती आवळून देते. पाचव्या शनिवारी तिला स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे दिसतात. भाजीच्या सुरीचे. आपोआप सैल होणाऱ्या स्क्रूवर ओरखडे नसतात. ती काहीच बोलत नाही. फक्त त्या दिवसापासून ती स्क्रू पुरता आवळत नाही. उगाच त्याचं बोट कापायला नको.’

मामाने ती दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचली.

“पाठव.”

“त्याला कळेल.”

“आणि कळलं तर?”

“छापणार नाही. सहावं कारण.”

“नाही कळलं तर?”

“तर छापेल. पण मग... इतका ठोंब्या माणूस मला चालेल का?”

“म्हणजे तो ठोंब्या निघाला तर तुझं नाव छापून येणार, शहाणा निघाला तर नाही. तुला नक्की काय हवंय, बाळा?”

तिने कथा पाकिटात घातली. पाकिटावर तिकीट लावलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत स्वतः चालत गेली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला, तेव्हा ते परत कसं काढता येईल याचा तिने मिनिटभर गंभीरपणे विचार केला.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिने एका आजोबांना दुसऱ्याच आजोबांचा चष्मा दिला. दोघेही खूश होऊन गेले, ही गोष्ट वेगळी.

तिसऱ्या शनिवारी सकाळी, नुकतं दार उघडलं होतं, तेव्हा तो आला. चष्मा नाकावर नीट बसलेला. हातात तिचं पाकीट.

“टपालाने पाठवायचं होतं,” तो म्हणाला. “दोनदा पेटीपर्यंत गेलो.”

पाकिटात कथा होती आणि चिठ्ठी. चिठ्ठीवर सहाव्या चौकोनात खूण होती... पण पेन्सिलीची, अगदी फिकी.

“आवडली नाही?”

“पहिलं पान तुमच्या कथेचं ठरलंय. नऊ वर्षांत इतकी चांगली आली नव्हती.” त्याने चिठ्ठीवर बोट ठेवलं. “म्हणून पेन्सिल. तुम्ही म्हणालात तर खोडतो. मग आपली ओळख नाही. अंक महिन्याने निघेल, त्यात तुमचं नाव असेल, आणि मी चष्मा दुसरीकडे दुरुस्त करून घेईन. कायमचा. नियम माझा आहे. तो मला वाकवता येणार नाही. पण निवड तुमची.”

“आणि नाही खोडली तर?”

“तर सुरी भाजीपुरतीच वापरेन.”

मामा आतल्या खोलीत गेला आणि आत काहीच काम नसताना बराच वेळ राहिला.

तिने कथेकडे पाहिलं. शेवटच्या ओळीखाली तिचं पूर्ण नाव होतं. छापून येणं एका महिन्यावर. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तक्त्याच्या खालच्या ओळीकडे बघत होता. नव्या चष्म्याने ती त्याला आता नक्कीच वाचता येत असणार, पण तो वाचत नव्हता.

“याहून मोठं मासिक कुठलं?” तिने विचारलं. “कथा फुकट घालवायची नाहीये मला.”

त्याने खिशातून दुसरं पाकीट काढलं. पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. “हे. याची पानंही मोठी आहेत.”

“तयारीने आलात.”

“आशेने आलो. तयारी काल रात्री झाली.”

“तिथले संपादक कसे आहेत?”

“सत्तरीचे. तीन नातवंडं आहेत.”

“चष्मा?”

“मोतीबिंदू काढलाय. चष्मा लागत नाही.”

“मग ओळख व्हायची भीती नाही,” ती म्हणाली. कथा नव्या पाकिटात घालून तिने ते बंद केलं. मग काउंटरवरचं शाईचं पेन उचललं, चिठ्ठी पुढे ओढली आणि पेन्सिलीच्या फिक्या खुणेवरून ठळक, सावकाश रेघ ओढली.

“शाई वाळेपर्यंत हात लावू नका,” ती म्हणाली. “तोवर चहा घेऊ.”