मेमसाहेबांशेजारची जागा

शंखदुर्गाच्या पश्चिम बुरुजावर पहाट उतरत होती; खाली समुद्र काळाकभिन्न, वर गोऱ्या पलटणीचं निशाण धुक्यात भिजून लोंबलेलं, आणि तटाआतल्या इंग्रजी दफनभूमीत, तीन वर्षांपूर्वी तापानं गेलेल्या आपल्या पत्नीच्या, ॲग्नेसच्या, थडग्यापाशी पाद्री एडमंड हॅलवर्ड श्वास रोखून उभे होते. रोज या वेळी त्यांना तिच्या रेशमी झग्याची सळसळ ऐकू यायची. अगदी पाठीशी! वळून पाहावं तर कुणी नाही. शेजारची जमीन त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवली होती.

आज मात्र बूट वाजले. किल्ल्याचे मुखत्यार कर्नल ट्रेंच आले होते, हातात फोडलेला खलिता घेऊन. 'मला रोमच्या पंथात घ्यावं,' असं इंग्लंडच्या राणीच्या प्रॉटेस्टंट पंथाच्या या पाद्रींनी मुंबईच्या कॅथलिक बिशपांना लिहिलं होतं, आणि कर्नलसाहेबांनी जासूद फितवून ते पत्र वाटेतच उचललं होतं!

"पाद्रीसाहेब, आज प्रार्थनेला सारी पलटण येईल. 'रोमशी माझा संबंध नाही', हा एवढा कागद वाचायचा. दोन ओळी!"

"आणि न वाचला तर?"

"तर या भूमीत आपल्याला जागा नाही. मेल्यावर नाही, जिवंतपणीही नाही."

"आपण माझं काळीज ओलीस धरता आहात."

"अहो, मी आपल्याला वाचवतो आहे! तिच्यासाठी तरी वाचा."

प्रार्थनेच्या वेळी तीनशे शिपायांसमोर हॅलवर्डांनी तो कागद उलगडला, मनातल्या मनात वाचला, पुन्हा घडी केली. मग अंगावरचा शुभ्र झगा उतरवला.

"कर्नल, हे वाचलं, तर ॲग्नेसशेजारी जो पुरला जाईल, तो मी नसेन."

एकही बूट हलला नाही!

दफनभूमीच्या फाटकावर हवालदार राणोजी पहाऱ्याला होता. "आत सोडायचं नाही, असा हुकूम आहे, साहेब," तो हळूच म्हणाला, "पण मी तोंड कुठं करून उभं राहायचं, ते काही सांगितलेलं नाही." आणि त्यानं समुद्राकडे तोंड फिरवलं.

हॅलवर्डांचा हात फाटकाच्या कडीवर गेला. पण आत गेलो तर याच्या पाठीवर कोरडे उडतील! त्यांनी कडी सोडली आणि ते तसेच, मागं न पाहता, किल्ला उतरले.

एकतीस वर्षं गेली. रोमच्या पंथात धर्मगुरूला बायको चालत नाही; हे विधुर होते, म्हणून त्या पंथातही त्यांना धर्मगुरूची दीक्षा मिळाली. रोममध्ये पोपनी त्यांना कार्डिनल, म्हणजे आपल्या खालोखालचा धर्माधिकारी केलं, लाल टोपी दिली. त्याच आठवड्यात थरथरत्या अक्षरांतलं एक पत्र आलं. 'ती जागा मी कुणालाही दिली नाही. या. म्हातारा ट्रेंच.'

पण कार्डिनलाला पुरायचं ते त्याच्याच चर्चच्या फरशीखाली, आणि ती टोपी कुजून पडेपर्यंत वर छताला टांगायची, असा रिवाज! आता त्यांचं मरणही त्यांच्या हातात नव्हतं.

त्यांनी उत्तर लिहिलं :

'कर्नल, तिथं आता आपण निजावं. तिला एकटीला फार भीती वाटते.'