वजा कलेक्टर

समुद्राने वेळशी गावाचा खालचा रस्ता गिळला आणि त्याच वर्षी शिमग्याची पालखी आणि दर्ग्याच्या उरुसातली संदलची मिरवणूक नेमक्या एकाच दिवशी आल्या. वरचा एकच रस्ता उरला. त्यावरून आधी कोण जाणार, आणि दर्ग्यापुढे ढोल वाजणार की थांबणार? दोन्हीकडची पोरं बाह्या सरसावून बसली होती. दोन्ही बाजूंनी निवाडा सोपवला होता इतिहास-प्रयोगशाळेच्या डॉ. अश्लेषा खांबेटे यांच्यावर, आणि तो चुकला तर डोकी फुटणार होती.

"हे सगळं इंग्रजांनी करून ठेवलंय," अश्लेषा म्हणाली. "पालखी वरून, संदल खालून, असा कलेक्टरने हुकूम काढला आणि गाव तेव्हापासून दुभंगलं."

प्रयोगशाळेतले तिचे सहकारी प्रा. दाऊद परकार हसले. दोघांचा हा वाद रोज चहाबरोबर रंगायचा. "त्याआधी काय आपण गळ्यात गळे घालून फिरत होतो, ताई? ढोलावरून तंटा होता, म्हणून तर हुकूम आला. आपली खोड साहेबाच्या नावावर किती दिवस खपवायची?"

"मग कलेक्टरला वजा करूनच बघू या."

त्यासाठीच त्यांचं कारणवजा यंत्र होतं. गावाचे तंटे, बाजार, लग्नं, वस्त्या, सगळं त्यात भरलेलं. एक कारण काढून घ्यायचं आणि उरलेल्या कारणांवर काळ पुन्हा चालवायचा. यंत्राला माणूस कळत नसे. कोणी केलं हे ते विचारत नसे, काय केलं एवढंच मोजत असे.

हुकूम वजा झाला. पडद्यावर वर्षं सरकू लागली आणि दर शिमग्याला ढोलावरून जुंपू लागली.

"बघा!" परकारांनी टाळीसाठी हात पुढे केला.

अश्लेषा मात्र भांडणानंतरचं बघत होती. दरवर्षी दोन्हीकडचे म्हातारे एकत्र बसत, घसा बसेपर्यंत हुज्जत घालत आणि काहीतरी तोड काढत. पुढच्या वर्षी ती मोडायची, की पुन्हा बैठक. त्या बैठकांतूनच एकमेकांच्या होड्यांवर जाणं, आजारपणात धावणं चालू राहत होतं. तिने हुकूम परत घातला. भांडण मिटलं, बैठकही मिटली, आणि दोन पिढ्यांत ओळखच उरली नाही. अनोळखी माणसाबद्दल मग काहीही खरं वाटू लागलं.

"म्हणजे आपण दोघेही अर्धेच बरोबर," परकार म्हणाले. "भांडण आपलंच होतं. समेट मात्र साहेबाने काढून घेतला."

आपला निवाडा ही चूक सुधारणार, असं अश्लेषाला वाटलं. पहिला मान आलटूनपालटून, ढोलाला ठरलेली वेळ, कोणावर तसूभर अन्याय नाही. तिने तो यंत्रात घातला. गाव पुन्हा दुभंगलं, अगदी तसंच.

"यंत्र बिघडलं का हो?"

"नाही, ताई. वरून आला तो हुकूमच. तुमचा जरा गोड आहे, इतकंच."

तिला ते फार लागलं. "आणि निवाडाच दिला नाही तर?"

परकारांनी तेही चालवून पाहिलं. "यंत्र आशा दाखवतंय. खात्री देत नाही."

दुपारी पालखीचे मानकरी सदाभाऊ मांजरेकर आणि दर्ग्याचे मुजावर हुसेनमियां आले आणि बाकाच्या दोन टोकांना बसले. अश्लेषाने छातीवर दगड ठेवून सांगितलं, "निवाडा आम्ही देणार नाही."

"नाय म्हंजे?" सदाभाऊ कडाडले. "मग ही यंत्रं काय पूजेला मांडलीत?"

"साधा रस्ता वाटून देता येत नाय," हुसेनमियां थेट सदाभाऊंकडे वळून म्हणाले. "शिकून काय दिवे लावलेनी!"

"ह्यांच्या नादाला लागलो ते आपणच येडे, मियां. चला, आपलं आपण बघू. पण ढोल थांबायचे नाहीत, आधीच सांगतो."

"थांबतील! न थांबून जातील कुठं?"

आवाज चढवत दोघे जिना उतरले आणि समोरच्या टपरीवर एकाच बाकड्यावर बसून पुन्हा तावातावाने सुरू झाले. अश्लेषा खिडकीतून बघत राहिली. तिला मनापासून बरं वाटलं. कित्येक पिढ्यांनंतर वेळशीत दोन्ही बाजूंचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ती गोष्ट म्हणजे डॉ. अश्लेषा खांबेटे काही कामाच्या नाहीत.