मागच्या रांगा

रविवारी दुपारी लीड्समधल्या त्या हॉलमध्ये चहाचा मोठा थर्मास, बिस्किटांची बशी आणि जेमतेम पुढच्या रांगा भरतील एवढी माणसं होती. हॉलला सायलस थॉर्नबी या जुन्या साखर-व्यापाऱ्याचं नाव होतं. जमैकात त्याचे उसाचे मळे होते आणि मळ्यांवर गुलाम. नाव ठेवायचं की बदलायचं, यावर चर्चा होती.

श्यामला आली होती ती बेव्हर्लीसाठी. सांगलीहून आलेली श्यामला हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून नवखी असताना वॉर्डातल्या या जमैकन सिस्टरनं तिला सांभाळून घेतलं होतं. पहिल्या थंडीत स्वतःचा कोट दिला होता. बेव्हर्लीच्या पणजीची आई थॉर्नबीच्या मळ्यावर गुलाम म्हणून जन्मली होती.

महाराष्ट्र मंडळाचे मिलिंद साठे नाव ठेवण्याच्या बाजूनं बोलले. या देशानं आम्हाला घर दिलं, आपण कृतज्ञ राहावं, जुनं उकरू नये, असं त्यांचं म्हणणं. खाली बसताना ते श्यामलाला हळूच म्हणाले, "आपण यात पडायला नको. हे त्यांचं त्यांचं आहे."

तीही गप्पच बसणार होती.

तेवढ्यात वास आला. काहिलीत रस आटताना गुऱ्हाळात येतो तो. लहानपणापासून ओळखीचा, पण त्यात घाम होता आणि करपलेलं कातडं. हीटर बंद होता, तरी खिडक्यांवर वाफ धरली. मिलिंददादांनी मफलर सैल केला, मागे पाहिलं आणि पुन्हा मागे वळून पाहिलं नाही.

मागच्या रिकाम्या रांगांमधल्या खुर्च्या करकरू लागल्या. एकेक करून, कोणी येऊन बसावं तशा.

आणखी कोणाला बोलायचंय का, असं अध्यक्षबाईंनी विचारलं. श्यामला उभी राहिली.

"मिलिंददादा म्हणतात ते खरं आहे. मी कृतज्ञ आहे. पण मला इथं उभं राहता आलं, कारण बेव्हर्लीच्या माणसांनी माझ्याआधी या देशात येऊन सगळं सोसलं. आभार मानायचे तर आधी त्यांचे मानू. आणि ज्यांच्या नावानं कधीच कोणी हॉल बांधला नाही, त्यांचे."

करकर थांबली.

बहुतेक हात नाव बदलायच्या बाजूनं वर गेले. मिलिंददादांचाही. बेव्हर्लीनं तिला घट्ट मिठी मारली आणि डोळे पुसत कप विसळायला गेली.

माणसं पांगली. श्यामला दारापाशी एकटीच उरली.

तिच्या तळव्यात एक हात आला. खरखरीत, उबदार. समोर कोणी नव्हतं. हातानं तिचा हात दाबला, जसा आभार मानताना दाबतात, आणि सोडला.

मग दुसरा. मग आणखी एक.

तिला ओरडता आलं नाही. ओरडावंसंही वाटेना. प्रत्येक हाताला ती पुटपुटत होती, "थँक यू."

शेवटचा हात लहान मुलाचा होता.

तो सुटेना.

बेव्हर्ली कोट चढवून बाहेर आली. बसस्टॉपकडे श्यामला आज इतकी हळू का चालतेय, हे तिनं विचारलं नाही. ती पलीकडून चालू लागली, मध्ये एकाची जागा सोडून.